खुल्या स्टँडर्डला कुलूप कुठे असतं?

प्रश्न असा आहे: यूएसबी, पीसीआय एक्सप्रेस, डीडीआर यांसारखी स्टँडर्ड, म्हणजे उपकरणं, कार्डं, मेमरी एकमेकांशी कशी जोडायची याचे ठरलेले नियम, सगळ्यांसाठी खुली असतात. मग बड्या चिप कंपन्या त्यांचाच वापर करून प्रतिस्पर्ध्यांना मागे ठेवतात, हा आरोप खरा की तो हरणाऱ्यांचा रडीचा डाव?

दोन्ही थोडं थोडं. वीसेक वर्षं मी कंट्रोलर चिपांच्या डिझाइनमध्ये काढली, बहुतेक छोट्या कंपन्यांत, आणि त्यातली काही वर्षं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समित्यांच्या मागच्या बाकावर बसलो. कागद, म्हणजे स्टँडर्डचा तपशील सांगणारं स्पेसिफिकेशन, लपवून ठेवल्याचे प्रसंग मी फार पाहिले नाहीत. कागद सगळ्यांना मिळतो, पण एकाच दिवशी मिळत नाही. आणि तो बदलायचा अधिकार ज्याच्या हातात असतो, त्याला बदलाचा खर्च सगळ्यांत कमी येतो. या धंद्यातली बरीचशी अडवाअडवी या दोन गोष्टींतून होते. पेटंटवरून कोर्टकचेऱ्या होतात म्हणून त्यांची बातमी होते, तारखांची कधी होत नाही.

आधी चिपचा हिशेब. सॉफ्टवेअरमध्ये नियम बदलला तर पंधरा दिवसांत नवी आवृत्ती काढता येते. मोठ्या प्रोसेसरच्या आराखड्याला सुरुवात झाल्यापासून तो बाजारात येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात, साध्या कंट्रोलरलाही दीड-दोन. टेपआउट झालं, म्हणजे आराखडा कारखान्याकडे रवाना झाला, की त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती महिन्यांत आणि मास्कच्या, म्हणजे चिप छापायच्या साच्यांच्या, खर्चात मोजावी लागते. अशा धंद्यात स्पेसिफिकेशनचा मसुदा सहा महिने आधी हातात येणं म्हणजे जवळजवळ अख्खी पिढी पुढे असणं.

याचं मला सगळ्यांत बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे एफएमए. दोन संख्यांचा गुणाकार करायचा, त्यात तिसरी मिळवायची आणि हे सगळं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या एकाच आज्ञेत, मध्ये एकदाही राउंडिंग न करता. ऑगस्ट २००७ मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने एसएसई५ नावाचा इन्स्ट्रक्शन संच जाहीर केला, त्यात हे होतं. इंटेलने तो उचलला नाही. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी स्वतःचा एव्हीएक्स हा संच आणि सोबत स्वतःचा एफएमए जाहीर केला. त्यात चार ऑपरँड होते, म्हणजे तीन रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या संख्या ठेवायच्या छोट्या जागांतून) संख्या घ्यायच्या आणि उत्तर चौथ्यात ठेवायचं.

इंटेलपेक्षा वेगळा संच काढला की काय होतं, ते एएमडीने एकदा अनुभवलं होतं. १९९८ मध्ये त्यांनी थ्रीडीनाउ हा संच आणला, पुढच्याच वर्षी इंटेलने एसएसई आणला, आणि प्रोग्रॅमर बहुसंख्य यंत्रांवर चालेल तेच लिहिणार हे उघड होतं. २०१० मध्ये एएमडीने थ्रीडीनाउ बंद करत असल्याचं जाहीर केलं. तो संच मागे पडताना पाहिला असल्यामुळे एसएसई५ च्या वेळी त्यांनी पडतं घेतलं आणि मे २००९ मध्ये आपला संच इंटेलच्या मांडणीशी जुळवला. घोटाळा एवढाच, की डिसेंबर २००८ मध्ये इंटेलने आपली मांडणी बदलली होती. चारऐवजी तीन ऑपरँड, आणि उत्तर तीनपैकीच एका रजिस्टरवर लिहायचं. एएमडीने धरली ती एप्रिलमधली जुनी मांडणी. नवी पचवायला आराखड्यात तोवर जागा उरली नसावी असा माझा अंदाज आहे. ज्याने हे काम केलंय त्याला तो पटेल.

ऑक्टोबर २०११ मध्ये एएमडीचा बुलडोझर प्रोसेसर आला तो एफएमए४ (चार ऑपरँडवाला) घेऊन. इंटेलचा हॅसवेल जून २०१३ मध्ये आला तो एफएमए३ (तीनवाला) घेऊन. मधल्या काळात दोघांपैकी हे इन्स्ट्रक्शन होतं ते एएमडीकडेच. दीड वर्षाहून जास्त आघाडी! तिचा उपयोग जवळजवळ शून्य झाला, कारण इंटेल काय आणणार आहे हे सगळ्यांना कागदावर दिसत होतं आणि लायब्ररी लिहिणारे त्याचीच वाट पाहत बसले. २०१२ च्या पाइलड्रायव्हरमध्ये एएमडीने दोन्ही प्रकार दिले. २०१७ मध्ये रायझन आला तेव्हा एफएमए४ अधिकृत यादीतून गळालं होतं.

इंटेलने हे मुद्दाम केलं का? माझ्याकडे तसं म्हणायला आधार नाही. तीन ऑपरँडचं एन्कोडिंग आटोपशीर असतं, हार्डवेअरला स्वस्त पडतं. त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. आणि हेच या प्रश्नातलं अवघड दुखणं आहे. वरचढ कंपनीला वाईट हेतूची गरजच पडत नाही. तिने आपल्या सोयीने, आपल्या वेळेला एक चांगला तांत्रिक निर्णय घेतला तरी शेजाऱ्याचं घर कोसळतं. समिती असती तर निदान चर्चा झाली असती, पण एक्स८६ ला, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांच्या सामाईक इन्स्ट्रक्शन संचाला, समितीच नव्हती. इंटेल आणि एएमडी यांनी मिळून सल्लागार गट स्थापन केला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे एआरएम या प्रतिस्पर्धी प्रोसेसर-घराण्याने दोघांच्या पायाखालची वाळू सरकवायला सुरुवात केल्यावर.

समिती असली तरी हे टळतंच असं नाही. आरआयएससी-व्ही हे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनांचं स्टँडर्ड पूर्ण खुलं, मतदानाने चालणारं. तिथे अलीबाबाच्या टी-हेडने व्हेक्टर विस्ताराच्या (एका झटक्यात अनेक संख्या हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनांच्या) ०.७.१ या मसुद्यावर चिपा बनवल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.० मंजूर झालं ते त्याच्याशी न जुळणारं. इथे खलनायक कुणीच नव्हता. मसुद्यावर सिलिकॉन बनवणाऱ्याला हा धोका असतोच. प्रश्न एवढाच, की मसुदा कधी हलणार आहे हे आधीपासून कुणाला ठाऊक असतं.

आमचा स्वतःचा किस्सा सांगतो; कंपनीचं आणि समितीचं नाव घेत नाही. अशा गटांत सभासदत्वाच्या पायऱ्या असतात: वर प्रमोटर, मध्ये कॉन्ट्रिब्यूटर, खाली अडॉप्टर. नावं इकडेतिकडे बदलतात. आम्ही मधल्या पायरीवर होतो. आमच्याकडे ०.७ मसुदा होता, त्यावर आम्ही काम सुरू केलं, आणि एका रजिस्टरमधले चार बिट ‘राखीव’ म्हणून शून्यावर बांधून टाकले. टेपआउटनंतर तीन आठवड्यांनी ०.९ आला आणि त्याच चार बिटांना अर्थ मिळाला होता. वरच्या पायरीवरच्यांना तो मजकूर आधीपासून ठाऊक होता, कारण त्यांच्यापैकीच एकाने तो लिहिला होता. नियमांत सगळं बसत होतं. प्रमोटरांचा अंतर्गत मसुदा वेगळा असतो हे करारात छापलेलंच होतं, आम्हीच वाचून सही केली होती. चिपमध्ये मोकळी ठेवलेली काही गेट (अडीअडचणीला वापरता येणारी छोटी सर्किट) होती म्हणून नुसते धातूचे थर बदलून आम्ही सुटलो. तरी चार महिने गेले, आणि ज्या बोर्डमध्ये आम्ही बसणार होतो तिथे दुसरंच कुणी बसलं.

त्याच चिपचा पुढचा भाग जास्त शिकवणारा होता. अशा गटांच्या कार्यशाळा असतात, त्यांना आम्ही प्लगफेस्ट म्हणतो. सगळे आपापली उपकरणं घेऊन येतात आणि एकमेकांना जोडून बघतात. आमचं उपकरण बड्या कंपनीच्या होस्टला (संगणकाच्या बाजूच्या चिपला) जोडलं की एका विशिष्ट क्रमात अडकायचं. स्पेक उघडला, परिच्छेद वाचला. आमचं बरोबर होतं. समोरचा इंजिनियर सज्जन होता, त्यानेही मान्य केलं. मग म्हणाला, ‘आमची ही चिप लाखो यंत्रांत गेलीय, ती आता बदलणार नाही. तुम्हीच टाइमआउट वाढवा.’ आम्ही वाढवला. पुढच्या इरेटामध्ये (दुरुस्तीपत्रकात) तो परिच्छेदही त्यांच्या चिपला जुळेल असा सुधारला गेला. वाद झाला की जिच्याशी जुळल्याशिवाय माल विकला जात नाही ती चिप जिंकते, आणि कागद नंतर तिच्याकडे सरकतो.

आता जाहीर झालेल्या भांडणांकडे येऊ. २००८ मध्ये यूएसबी ३.० येऊ घातलं होतं. केबल आणि प्रोटोकॉल सर्वांचे, पण संगणकाच्या बाजूचा होस्ट कंट्रोलर ऑपरेटिंग सिस्टिमशी कसा बोलेल याचं वर्णन, म्हणजे एक्सएचसीआय, इंटेल लिहीत होती. एएमडी आणि एनव्हिडिया यांच्या गोटातून तक्रार आली की तो मसुदा अडवून ठेवलाय, म्हणजे इंटेलचे चिपसेट (प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणाऱ्या चिपा) आधी येतील. आपण वेगळा इंटरफेस काढू असंही बोललं गेलं. इंटेलने आरोप फेटाळला आणि ऑगस्टमध्ये ०.९ मसुदा रॉयल्टीशिवाय खुला केला. नंतरची गंमत लोक विसरतात. चिपसेटमध्ये यूएसबी ३.० आधी आणलं एएमडीनेच, २०११ मध्ये. इंटेलने आणलं २०१२ मध्ये. तोवर बोर्डवाले एनईसीसारख्या कंपन्यांची वेगळी चिप लावत होते. म्हणजे ज्यांनी ओरड केली तेच पुढे गेले? हो, पण बहुसंख्य यंत्रांचा चिपसेट ज्याचा, त्याने उशीर केला की अख्खा बाजार उशिरा हलतो, आणि आधी आलेल्याला आधी आल्याचा भाव मिळत नाही.

सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची खाच) आणि बस (प्रोसेसर आणि बाकी चिपांमधली वाहिनी) यांच्या बाबतीत गोष्ट याहून रोखठोक असते. सॉकेट ७ पर्यंत इंटेल, एएमडी, सायरिक्स यांचे प्रोसेसर एकाच बोर्डात बसायचे. १९९७ मध्ये पेंटियम-टू स्लॉट १ घेऊन आला, आणि त्याच्या बसवर इंटेलचे हक्क होते. एएमडीला शेवटी डीईसीच्या अल्फा प्रोसेसरची ईव्ही६ बस परवान्यावर घ्यावी लागली आणि १९९९ मध्ये अ‍ॅथलॉन स्लॉट ए मध्ये आला. गमतीचा भाग म्हणजे स्लॉट ए चा कनेक्टर यांत्रिकदृष्ट्या स्लॉट १ चाच होता, फक्त उलटा बसवलेला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांना सुटा भाग तोच वापरता यावा. एनव्हिडियाला तेवढीही वाट मिळाली नाही. इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवायचा परवाना त्यांच्याकडे २००४ पासून होता. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत गेल्यावर इंटेलने भूमिका घेतली की जुना परवाना या नव्या प्रोसेसरांना लागू नाही, आणि २००९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०११ मध्ये समझोता झाला, इंटेलने दीड अब्ज डॉलर द्यायचे ठरले. पण एनव्हिडियाचा चिपसेटचा धंदा तोवर संपला होता. दाव्याला दोन वर्षं लागली, बसची पिढी तेवढी थांबत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंटेलशी समझोता केला, त्यात पीसीआय एक्सप्रेस निदान सहा वर्षं चालू ठेवण्याची अट होती. एका खुल्या स्टँडर्डचा दरवाजा उघडा ठेवा असं सरकारी हुकमाने सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

त्याच समझोत्यात कंपायलरचाही, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचाही, विषय होता. एक्स८६ प्रोसेसरला सीपीयूआयडी नावाचं इन्स्ट्रक्शन असतं. ते विचारलं की प्रोसेसर आपलं नाव सांगतो आणि आपल्याला काय काय येतं तेही. इंटेलचा कंपायलर जे प्रोग्रॅम बनवायचा, ते ‘जेन्युइनइंटेल’ हे नाव दिसलं तर वेगवान वाटेने जायचे. एएमडीच्या प्रोसेसरला तेच एसएसई२ येत असलं तरी त्याला साध्या वाटेने पाठवलं जायचं. क्षमतेची यादी हे स्टँडर्ड. तिच्याऐवजी नावाची पाटी वाचायची. त्यामुळे कागदावर दोघे सारखे आणि बेंचमार्कमध्ये एक मागे. २००८ मध्ये व्हीआयएच्या नॅनो प्रोसेसरची पाटी सॉफ्टवेअरने बदलून पाहिली गेली, तर एका प्रसिद्ध बेंचमार्कमध्ये त्याचे मेमरीचे गुण एकदम वाढले. चिप तीच होती. समझोत्यानुसार इंटेलला ही गोष्ट ग्राहकांना स्पष्ट सांगावी लागली, आणि दुसऱ्या कंपायलरकडे जाणाऱ्यांच्या खर्चभरपाईसाठी १ कोटी डॉलरचा निधी ठेवावा लागला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये एएमडीशी १२५ कोटी डॉलरचा वेगळा समझोता झाला होता.

पेटंटच्या बाजूला मोबाइल चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचं प्रकरण समजून घ्यावं, कारण त्यातली मेख तांत्रिक नाही, व्यापारी आहे. मोबाइलच्या स्टँडर्डमध्ये ज्यांचं पेटंट टाळताच येत नाही, त्यांनी ते वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देईन असं वचन समितीला दिलेलं असतं. कुणाला द्यायचं, यावर वचन मोघम. चिप बनवणाऱ्याला परवाना दिला तर कायद्यानुसार चिप विकल्यावर पेटंटचा हक्क तिथेच संपतो आणि फोन बनवणाऱ्याकडे मागायला काही उरत नाही. म्हणून क्वालकॉमने प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांना पूर्ण परवाना द्यायचं टाळलं आणि रॉयल्टी फोनच्या किमतीवर घेतली. फोन कंपनीने परवाना घेतला नाही तर तिला क्वालकॉमची चिपही नाही. अशाने प्रतिस्पर्ध्याची चिप स्वस्त असली तरी फोनवरचा कर तोच राहतो. कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने मे २०१९ मध्ये याला बेकायदा ठरवलं, ऑगस्ट २०२० मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये साधारण त्याच वागणुकीबद्दल एक हजार अब्ज वॉनहून जास्त दंड केला, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो कायम ठेवला. वस्तुस्थिती एक, निकाल दोन; त्यामुळे ‘हे कायदेशीर आहे का’ असं मला कुणी विचारलं की मी आधी देश विचारतो.

समितीत बसून पेटंटबद्दल गप्प राहायचं आणि स्टँडर्ड पक्कं झाल्यावर बिल पाठवायचं, हा प्रकार आता कमी झालाय. रॅम्बस या कंपनीवर डीरॅम, म्हणजे मेमरी चिपांच्या, स्टँडर्डबाबत असाच आरोप झाला, त्यानंतर सगळ्यांनी नियम घट्ट केले. क्वालकॉमलाही एच.२६४ च्या बाबतीत हा प्रकार महागात पडला; २००८ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की त्या व्हिडिओ स्टँडर्डला अनुसरणाऱ्या मालावर ती पेटंट चालवता येणार नाहीत.

आजचा खेळ वेगळ्या मैदानावर आहे. वरचढ कंपनीला समितीत भांडायचीही गरज नाही. ती सभासद राहते आणि स्टँडर्ड राबवत नाही. ग्राफिक्स कार्डांकडून आकडेमोड करून घेण्याच्या ओपनसीएल या खुल्या स्टँडर्डचं उदाहरण घ्या. एनव्हिडिया त्या समितीत पहिल्यापासून, पण तिचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं १.२ वर थांबले आणि त्याच कामाचं तिचं स्वतःचं कुडा पुढे धावत राहिलं. २.० मधल्या सुविधा वापरून प्रोग्रॅम लिहायचा तर सगळ्यात जास्त खपणाऱ्या कार्डावर तो चालणार नाही, मग लिहिणार कोण? २०२० मध्ये ३.० आलं त्यात १.२ पुरतंच सक्तीचं, पुढचं सगळं ऐच्छिक. एनव्हिडिया एकटीच मागे होती असं नाही, इतरांनाही २.० जड जात होतं. पण स्टँडर्ड खाली आलं ते ती जिथे उभी होती तिथपर्यंत.

जोडणीच्या बाबतीतही तेच चाललंय. एआयच्या मोठ्या यंत्रांत हजारो चिपा एकमेकींशी बोलतात, एनव्हिडियाकडे त्यासाठी २०१६ पासून एनव्हीलिंक आहे. एएमडी, इंटेल, ब्रॉडकॉम वगैरे मंडळी २०२४ मध्ये यूएलिंकसाठी एकत्र आली, एप्रिल २०२५ मध्ये १.० आलं. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने एनव्हीलिंक फ्यूजन जाहीर केलं: या, तुमची चिपही जोडा, पण एका टोकाला आमची हवी. मला ही खेळी हुशार वाटते. दार उघडलं असं म्हणता येतं आणि चौकट स्वतःचीच राहते.

हे सगळं वाचून लहान खेळाडूला काही आशाच नाही असं वाटेल, तर तसंही नाही. ६४-बिटच्या लढाईत इंटेलने एक्स८६ सोडून इटेनियम या वेगळ्याच प्रोसेसरची वाट धरली होती. एएमडीने २००० मध्ये आपलं स्पेसिफिकेशन खुलं केलं, २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावर विंडोज चालवायचं ठरवलं. २००४ मध्ये इंटेलला तोच संच स्वीकारावा लागला, नाव वेगळं देऊन. जिंकण्याचं कारण नुसता चिपचा वेग नव्हता. जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाला पाठीशी होता.

प्रश्नाच्या ओघात कुणी विचारेल, मग छोट्या कंपनीने करायचं काय. मी माझ्यापुरतं सांगतो. सभासदत्वाच्या करारात मसुदा कुणाला कधी मिळतो तो परिच्छेद सगळ्यात आधी वाचतो, पेटंटचा नंतर. राखीव बिट शून्यावर बांधायचे नाहीत, ते फर्मवेअरच्या (चिपवर चालणाऱ्या, नंतरही बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) हातात ठेवायचे. थोडी जागा वाया जाते, जाऊ दे. मोकळी गेट कमी करा असं कुणी म्हणालं तर भांडायचं. प्लगफेस्टला वकिली करायला माणूस पाठवायचा नाही, ज्याने स्टेट मशीन, म्हणजे चिपने कुठल्या क्रमाने वागायचं ते, लिहिलं तोच पाठवायचा. आणि समितीत संपादकाचं काम कुणी घेतंय का असं विचारलं जातं तेव्हा हात वर करायचा. ते काम कंटाळवाणं असतं, त्याला मोबदला नसतो, बड्या कंपन्यांतले लोकही ते टाळतात. पण प्रत्येक बदल तुमच्या हातून जातो, आणि ०.९ मध्ये काय येणार आहे ते तुम्हाला ०.८ च्या आधी कळतं.